फाइल पोचली, तास राहिला

मुंबईच्या उपनगरात शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाच्या फोनवर आज पाच-सहा ग्रुप तरी असतातच. शाळेचा, विषयाचा, विभागाचा, संघटनेचा, निवडणुकीच्या कामाचा, आणि एखादा ‘तंत्रस्नेही शिक्षक’ नावाचा. या शेवटच्या ग्रुपवर रात्री जेवणं उरकल्यावर माल यायला लागतो. ‘सातवी भूगोल, प्रकरण तिसरे, संपूर्ण पीपीटी.’ ‘सहावी गणित ऑनलाइन टेस्ट, प्रमाणपत्र लगेच मिळेल.’ ‘पहिलीसाठी बडबडगीते, सगळे व्हिडिओ एका लिंकवर.’ खाली अंगठे, जोडलेले हात, ‘खूप उपयुक्त सर’, ‘ग्रेट मॅडम’. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते वर्गात दाखवतं. त्या वर्गात पुढे काय झालं, हे मात्र ग्रुपवर येत नाही. कुठल्या स्लाइडला मुलं गोंधळली, कोणता व्हिडिओ अर्ध्यात बंद करावा लागला, कुणाच्या प्रश्नाने सगळा तास भलतीकडे गेला आणि तेच बरं झालं, यातलं काहीच नाही.

माझं म्हणणं या एवढ्या फटीबद्दल आहे. शाळेतल्या तंत्रज्ञानावर आपल्याकडे होणारी चर्चा बहुतेक वेळा यंत्रांची असते: किती शाळांत पॅनेल बसले, किती मुलांना टॅब मिळाले, इंटरनेट आहे की नाही. त्यापुढे गेलीच, तर ‘शिक्षकांनी आपापसांत कल्पना वाटून घ्याव्यात’ इथवर येते. ते तर जोरात चालू आहे. पण वाटली जाते ती फाइल, आणि फाइल ही कल्पनेची सगळ्यात कमी उपयोगाची बाजू आहे.

आधी श्रेय देऊन टाकू. महाराष्ट्रात शिक्षकांना तंत्रज्ञान शिकवलं ते मुख्यतः शिक्षकांनीच, अनेकदा सरकारी प्रशिक्षणाच्या आधी. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी लोकसहभागातून डिजिटल शाळा उभी केली आणि ती बघायला ठिकठिकाणचे शिक्षक जाऊ लागले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. ती कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत आली आणि आज बालभारतीच्या पानावरचा तो काळा-पांढरा चौकोन कुणाला नवा वाटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये डिसल्यांना १० लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी ९ शिक्षकांना देण्याचं जाहीर केलं. शिक्षकाने शिक्षकाला काही द्यावं, याचं इतकं रोकडं उदाहरण सापडणं कठीण. पुढे त्यांच्या रजेवरून जो वाद झाला तोही वर्तमानपत्रांत तितकाच गाजला. एकट्या शिक्षकाचा सत्कार करायला आपली व्यवस्था सरसावते. त्याच्या कामाला रोजच्या कारभारात जागा करून द्यायची वेळ आली की नियमपुस्तिका उघडते.

आता तंत्रज्ञानाचा संबंध नसलेलं एक उदाहरण घेतो, कारण दुखणं तिथे उघडं दिसतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शाळा बदलल्या. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला, आणि त्या काळात राज्यभरातले शिक्षक गाड्या करून कुमठ्याला गेले. परतल्यावर काय झालं? गावोगावी वर्गांच्या फरश्या रंगल्या. अंक, अक्षरं, वर्तुळं, संख्यारेषा. कुमठ्याच्या फरशीवर आखलेलं होतं म्हणून आपल्याही फरशीवर. त्या आखणीमागे मुलांच्या चुकांचं, गटांचं, शिक्षकांच्या आपसातल्या बोलण्याचं जे काम झालं होतं, ते एका दिवसाच्या भेटीत दिसणारं नव्हतं. ज्यांनी ते ओळखलं त्यांच्या शाळा बदलल्याही. बाकीच्यांकडे ऑइलपेंट राहिला. पीपीटी ही त्या फरशीचीच आवृत्ती आहे. दिसतं ते उचलता येतं, घडलेलं उचलता येत नाही.

उपनगरात हा प्रश्न वेगळं रूप घेतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला निदान केंद्र तरी असतं. दहा-बारा शाळा, एक केंद्रप्रमुख, महिन्याची शिक्षण परिषद. ती कंटाळवाणी असेल, पण माणसं एकमेकांना ओळखतात. मुंबईत अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या एका रस्त्यावर चार शाळा असतात आणि त्या चार वेगवेगळ्या जगांत असतात. महापालिकेची शाळा पालिकेच्या शिक्षण विभागाखाली; तिथे मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तामिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशी आठ माध्यमं, आणि अलीकडे मुंबई पब्लिक स्कूलच्या नावाने इतर मंडळांच्याही शाळा. शेजारची अनुदानित मराठी शाळा शिक्षण निरीक्षकांच्या अखत्यारीत, आणि निरीक्षकही रेल्वेमार्गाप्रमाणे वाटलेले. अंधेरी-बोरिवली पश्चिम विभागात, घाटकोपर-मुलुंड उत्तर विभागात. त्यापलीकडे विनाअनुदानित इंग्रजी शाळा, जिचा खरा अधिकारी म्हणजे संस्थेचे विश्वस्त. आणि कोपऱ्यावर आंतरराष्ट्रीय मंडळाची, जिच्या शिक्षकांची प्रशिक्षणं तारांकित हॉटेलांत होतात.

या चार शाळांतले विज्ञानशिक्षक सकाळी एकाच स्टेशनवर उतरतात. एकाच टपरीवर चहा घेत असतील. चौघेही विद्युतप्रवाह शिकवतात, चौघांच्याही मुलांचा असाच समज असतो की बॅटरीतून निघालेला प्रवाह बल्बमध्ये ‘संपतो’. चौघे कधी भेटत नाहीत. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि पश्चिम-पूर्व उपनगरांतलं अंतर वीस-बावीस मिनिटांवर आलं. शिक्षकांच्या बाबतीत ते आहे तेवढंच आहे.

त्यातून मराठी शाळांची अवस्था अशी की तंत्रज्ञान हा शिकवण्याच्या आधी प्रवेशाचा विषय होतो. एप्रिल-मे उजाडला की शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागतो: ‘डिजिटल वर्ग, स्मार्ट बोर्ड, सेमी इंग्रजी’. पट टिकला नाही तर शिक्षक अतिरिक्त ठरतात, त्यामुळे हा फ्लेक्स पोटापाण्याशी निगडित आहे. त्याला हसण्यात अर्थ नाही. पण ज्या वस्तूवर शाळेची अब्रू टांगलेली, ती वर्गात फारशी चालत नाही हे मग कोण बोलून दाखवणार? मुख्याध्यापक बोलणार नाहीत, संस्था बोलणार नाही, आणि शिक्षक तर शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला मुळीच सांगणार नाही, कारण ती शाळा याच मुलांवर डोळा ठेवून आहे. स्पर्धेत असलेल्या दोन दुकानदारांनी एकमेकांना आपला न खपलेला माल दाखवावा, अशी अपेक्षा आपण करतो आहोत.

वस्तू आधी आणि शिक्षक मागून, हा क्रम आपल्याकडे जुना आहे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवले गेले. त्याच्या कौतुकाच्या लाटेवर काही राज्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या संस्था निघाल्या. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ची. चांगले कलावंत, चांगले तंत्रज्ञ, हजारो कार्यक्रम. दूरदर्शनवर ते बघून मोठी झालेली पिढी आज पन्नाशीत आहे. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. दरम्यान मुंबई महापालिकेच्या शाळांत व्हर्च्युअल क्लासरूम आली. स्टुडिओत एक शिक्षक बोलतो आणि अनेक शाळांतली मुलं पडद्यावर बघतात. त्या मुलांबरोबर त्यांचे स्वतःचे शिक्षकही वर्गात बसलेले असतात. त्यांनी त्या वेळात नेमकं काय करायचं, याचा विचार मात्र कुणी केलेला दिसत नाही.

ऑगस्ट २०१५ मध्ये पालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले, पहिल्या खेपेला सुमारे २२ हजार. दप्तराचं ओझं कमी करायचं हा हेतू, आणि तो वाईट नव्हता. मग चार्जिंग, दुरुस्ती, फुटलेले पडदे अशा तक्रारी सुरू झाल्या. २०१८ मध्ये आठवीचा अभ्यासक्रमच बदलला, म्हणजे पुस्तकं नवी आणि टॅबमधला जुना मजकूर निरुपयोगी. या सगळ्या वर्षांत शेकडो शिक्षकांनी त्या टॅबसह शिकवलं. कुठला धडा त्यावर चांगला जातो, कुठे मुलं खेळाकडे वळतात, एकाच टॅबवर दोघांना बसवलं तर जास्त शिकतात का, हे सगळं ज्ञान त्या शिक्षकांच्या डोक्यात जमा झालं असणार. ते कुणी विचारून, लिहून ठेवलं असतं तर पुढच्या खरेदीच्या निविदेला त्याचा उपयोग झाला असता. निविदेत बॅटरीची क्षमता लिहिलेली असते.

घाटकोपरच्या एका शाळेतल्या बाईंची युक्ती इथे सांगण्यासारखी आहे. तिसरीचा वर्ग. प्रोजेक्टर आहे, पण त्याबरोबर आलेल्या तयार धड्यांची मुदत संपलेली. शाळा दोन अधिवेशनांत भरते, आणि प्रोजेक्टरच्या खोलीची चावी कधी सकाळच्या तर कधी दुपारच्या मुख्याध्यापकांच्या कपाटात. त्यामुळे आधी चावी मिळवणं हाच एक तास. बाईंनी स्वतःचा फोन दोन डब्यांवर पट्टी टाकून उपडा ठेवला, कॅमेरा खाली, आणि वायरने प्रोजेक्टरला जोडला. खाली मुलाची वही सरकवली. पडद्यावर भलं मोठं गणित आलं: ५२ वजा २७, उत्तर ३५. नाव अंगठ्याखाली झाकलेलं.

‘चूक कुठे आहे?’ असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘ज्याने ३५ लिहिलं, त्याने मनात काय केलं असेल?’ थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, ‘२ मधून ७ जात नाहीत ना, म्हणून त्याने ७ मधून २ काढले.’ मागून एक मुलगी म्हणाली, ‘पण बाई, २७ मध्ये ३५ मिळवले तर ६२ होतात.’ मग खालच्या आवाजात बरीच आकडेमोड सुरू झाली. हातच्याची वजाबाकी, जी दरवर्षी ‘दशकाकडून उसने घ्या’ या मंत्राने पाठ करून घेतली जाते, ती त्या दिवशी मुलांनी चुकीच्या बाजूने आत शिरून गाठली.

ग्रुपवर ही युक्ती गेलीच, तर ‘मोबाइलचा व्हिज्युअलायझर असा बनवा’ अशा अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओच्या रूपात जाईल. डबे, पट्टी, वायर. अंगठे भरपूर मिळतील. त्यात न येणारी गोष्ट बाईंनी वेगळी सांगितली. पहिल्यांदा त्यांनी नाव झाकलं नव्हतं, आणि जिची वही दाखवली ती मुलगी रडली. नंतर नाव झाकलं, तरी अक्षरावरून मुलं ओळखत. मग त्यांनी स्वतःच चुकीची उत्तरं लिहिलेली पानं तयार केली आणि खऱ्या वह्यांत मिसळली. आता कोणतं पान कुणाचं हे कळत नाही, आणि ‘ही बाईंची चूक का?’ असं मुलं मजेत विचारतात. या युक्तीचा प्राण त्या रडण्यात आणि त्यानंतरच्या बदलांत आहे. डबे-पट्टी तर कुणालाही सुचेल. ज्या शिक्षकाला फक्त डबे-पट्टी मिळेल, त्याच्या वर्गात पहिल्याच दिवशी एखादं मूल रडेल, आणि तो पुन्हा फोन उपडा ठेवणार नाही.

म्हणून आपापसांत वाटण्याचं एकक बदलायला हवं. पीपीटीऐवजी एक तास: काय करायचं ठरवलं होतं, काय झालं, कुठे फसलं, पुढच्या वेळी काय बदललं. हे लिहायला पीपीटीपेक्षा कमी जागा लागते आणि जास्त धीर लागतो.

हे काही नवं नाही. माँटेसरीची साधनं हे आपल्या बालशिक्षणात बाहेरून आलेलं, मोजून-मापून केलेलं, महागडं तंत्रज्ञानच होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला काय केलं? मनोरे आणि ठोकळे कशासाठी आहेत हे आधी समजून घेतलं, आणि मग शंख, शिंपले, बिया, पानं, खडे यांवर तेच काम करून दाखवलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. वस्तूचा उद्देश कळलेला असला की वस्तू बदलता येते. उद्देश न कळता वस्तू आली की ती काचेच्या कपाटात जाते. आणि हे त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही. ताराबाईंनी १९३३ पासून मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, नंतर अनुताईंनी तिची धुरा वाहिली. महिन्याला एक अंक, टपालाने. आजच्या ग्रुपचा वेग त्याला नव्हता, पण कोण कोणासाठी लिहितं आहे हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसरं उदाहरण मध्य प्रदेशातलं, पण मुंबईशी नातं सांगणारं. १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक सहभागी होते. स्वस्त साहित्याचा संच हे त्याचं दिसणारं रूप. अरविंद गुप्तांच्या आगपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबच्या खेळांची सुरुवातही तिथलीच. कार्यक्रम तीस वर्षं टिकला त्याचं एक मोठं कारण मात्र शिक्षकांच्या मासिक बैठका. प्रयोग कुठे चालला नाही, मुलांनी कोणता आडवा प्रश्न विचारला, हे शिक्षक तिथे घेऊन येत आणि वैज्ञानिकांनाही कधी कधी उत्तर माहीत नसे. २००२ मध्ये सरकारने कार्यक्रम बंद केला. संच राहिले असतील, बैठका थांबल्या.

जगभरचा अनुभवही याच बाजूला झुकतो. पेरू देशात १० लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले आणि शिकण्यात सुधारणा झाली नाही, कारण ते शिकवण्यात कसे बसवायचे याचा विचार नव्हता. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालाने हे उदाहरण ठळकपणे दिलं. उलट बडोद्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे संगणकीय खेळ दिले, तेव्हा गुण चांगलेच वाढले. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात मात्र त्या वाढीतला मोठा भाग विरून गेला. तेव्हा यंत्र मुळातच निकामी आहे असं माझं म्हणणं नाही. यंत्र गेल्यावर वर्गात काय मागे उरतं, हे तिथल्या शिक्षकांवर ठरतं.

आता दुसऱ्या बाजूचं. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, त्यात मतदारयाद्यांचं (बीएलओचं) काम, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, युडायसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि घर डोंबिवली-बदलापूरला किंवा वसई-विरारला. अशा माणसाला रात्री आयती पीपीटी मिळाली तर ती सुटका आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा याच फॉरवर्डच्या जाळ्याने शिक्षण कसंबसं तगवलं. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपने फिरली, जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, आणि पन्नाशीतल्या शिक्षकांना गूगल मीट शिकवलं ते शेजारच्या वर्गावरच्या तरुण शिक्षकांनी, फोनवर, संयमाने. तेव्हा शिक्षक अपयशंही मोकळेपणाने बोलत. कॅमेरा बंद ठेवणारी मुलं, चाळीतल्या एका खोलीत एका फोनवर तीन भावंडं, सगळं बोललं जायचं, कारण सगळेच चाचपडत होते आणि वरून तपासायला कुणी येऊ शकत नव्हतं. शाळा उघडल्या, तपासनीस परतले, आणि ग्रुपवर पुन्हा यशोगाथा सुरू झाल्या.

हा योगायोग नाही. शिक्षकाच्या हातातलं जे यंत्र एकमेकांशी बोलायचं, तेच यंत्र त्याच्यावर नजर ठेवायचंही आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये शासनाचा आदेश निघाला होता की शिक्षकांनी दर सोमवारी मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून ‘सरल’ प्रणालीवर चढवावा, म्हणजे गळती कळेल. ओरड झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये तो थांबवावा लागला. सेल्फी थांबला, त्यामागची वृत्ती राहिली. प्रत्येक उपक्रमाचा फोटो, प्रत्येक फोटोची लिंक, प्रत्येक लिंकची मुदत ‘आज सायंकाळी पाचपर्यंत’, आणि काही घडलंच नसेल तर ‘निरंक’ असा अहवाल. ज्या ग्रुपवर सकाळी साहेब ‘अद्याप माहिती न भरलेल्या शाळा’ अशी यादी टाकतात, त्याच ग्रुपवर संध्याकाळी ‘माझा आजचा तास फसला’ असं लिहिणारा शिक्षक एक तर साधू असला पाहिजे किंवा सेवानिवृत्तीला आठवडा उरलेला.

यात आता नवी भर पडली आहे. पाठ टाचण, प्रश्नपत्रिका, पीपीटी, अगदी कठपुतळ्यांचा संवादसुद्धा एआयकडून दोन मिनिटांत मराठीत मिळतो. मराठी अजून अधूनमधून ठेचकाळते, पण काम भागतं. त्यामुळे तंत्रस्नेही ग्रुपवर सध्या फाइलींऐवजी ‘हा प्रॉम्प्ट टाका’ असे निरोप फिरतात. मला यात एक संधी दिसते. फाइल ज्या दिवशी फुकट आणि अमर्याद झाली, त्या दिवशी ती वाटण्यातला मोठेपणा संपला. घाटकोपरच्या त्या वर्गातली मुलगी का रडली आणि बाईंनी काय केलं, हे कुठल्याही यंत्राला विचारून मिळणार नाही. शिक्षकाकडे वाटण्याजोगं आता तेवढंच शिल्लक आहे.

मग हे बोलणं व्हायचं कुठे? ऑनलाइनच व्हायला हवं असा हट्ट नको. पूर्व उपनगरात या कामाला लागेल ते सगळं हाकेच्या अंतरावर आहे. मानखुर्दला १९७४ मध्ये स्थापन झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद, पवईला आयआयटी, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था. याच देवनारच्या संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्याबरोबर ‘क्लिक्स’ हा प्रकल्प चालवला. सरकारी शाळांतल्या शिक्षकांचे विषयवार गट बांधले, आणि त्याला युनेस्कोचा २०१७चा पुरस्कार मिळाला. प्रकल्पाची राज्यं होती छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगणा. देवनारच्या आसपासच्या शाळा त्यात नव्हत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ती योजना अगदी लहान आहे. गट स्टेशनवार करावेत, खात्यावार नव्हे. मुलुंडच्या गटात पालिकेची, अनुदानित, विनाअनुदानित, सगळ्या शाळांतली आठ-दहा माणसं, एकाच विषयाची. महिन्यातल्या एका शनिवारी दोन तास, आळीपाळीने एकेका शाळेत. येताना प्रत्येकाने एक वही, एक ध्वनिमुद्रण किंवा एक फसलेला तास आणायचा. पीपीटी आणायला बंदी. शाळांमधली प्रवेशाची चढाओढ यातून मिटणार नाही, पण ५२ वजा २७ मध्ये चढाओढ नाही. अशा बैठकांत गप्पाच होतील, असं म्हटलं जाईल. काही बैठकांत होतील. सक्तीच्या प्रशिक्षणात मागच्या दोन रांगा काय करत असतात, हे ते घेणाऱ्यांनाही माहीत आहे.

वेळेचं कारण खरं आहे, पण कायद्याने ते सोडवून ठेवलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत ते तयारीच्या वेळेसकट. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी, स्वतःच्या आवडीनुसार द्यावेत असं सांगतं, आणि शिक्षकांना कल्पना वाटून घेण्यासाठी मंच उभारावेत असंही. दर महिन्याचे दोन तास धरले, तर सुट्ट्या वगळून वर्षाचे वीसही होत नाहीत. ५० तासांत ते सहज बसतात. त्यासाठी पालिकेचा शिक्षण विभाग आणि मुंबईतली शिक्षण निरीक्षक कार्यालयं यांनी मिळून एक परिपत्रक काढलं तरी पुरे: शनिवारचे हे दोन तास कर्तव्यकाळ धरावेत, वर्ग आणि प्रोजेक्टरची चावी उपलब्ध करून द्यावी, अधिकाऱ्यांनी बैठकीला उपस्थित राहू नये. आणि ते टाइप करणाऱ्या लिपिकाला आवर्जून सांगावं लागेल की खाली सवयीने ‘छायाचित्रांसह अहवाल सादर करावा’ हे वाक्य घालू नकोस.